पदराआडचं तोंड

माझ्या आईच्या तोंडात दोन वर्षं कुणी डोकावून पाहिलं नाही. तिचं रक्त तपासलं, साखर तपासली, डोक्याचे फोटो काढले, तिला आज कोणता वार आहे ते विचारलं. पण 'आ करा' असं तिला कुणी म्हटलं नाही. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो कमी होईल असं वाटत नाही. तो कुणाकुणावर आहे हे सांगायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बावीस वर्षं झाली. आमच्या शाळेत दरवर्षी मुलांची दाततपासणी होते आणि त्या दिवशी रांग लावायचं काम माझ्याकडे असतं. एकेका पोराला पुढे करते, तोंड उघडायला लावते, डॉक्टर सांगतील ते वहीत लिहिते. ज्याची दाढ किडली असेल त्याच्या घरी चिठ्ठी धाडते, आणि आठ दिवसांत पालक आले नाहीत तर फोन करून त्यांना दोन शब्द सुनावते. इतकी मी जागरूक. आणि माझ्या आईच्या तोंडात काय चाललंय, याचा मला पत्ता नव्हता.

आमचं गाव पहूरच्या जवळ. थोडी केळी, थोडा कापूस. वडील जाऊन सात वर्षं झाली. आई तिथेच, थोरल्या भावाजवळ राहते. मी लग्न होऊन जळगावला आले, पिंप्राळ्यात राहते. गाव फार लांब नाही. शाळा सुटल्यावर बस धरली तर दिवेलागणीपर्यंत पोचता येतं. तरी मी वर्षातून तीन-चारदाच जायचे.

आईला सगळं गाव अक्का म्हणतं. ती दुसरीपर्यंत शिकलेली. पण आजूबाजूच्या चाळीस-पन्नास गावांत कोण कुणाचं कोण लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. सोयरीक जमवायची म्हटली की लोक बायोडाटा घेऊन आधी आमच्या ओट्यावर यायचे. मुलाचं आजोळ कुठलं, आत्या कुठे दिली, कोणत्या दोन घरांत कधीकाळी बांधावरून वाजलं आणि येणं-जाणं बंद झालं, कुठे भाऊकी निघते म्हणून लग्न जमणार नाही, हे सगळं ती भाजलेले शेंगदाणे चावत चावत सांगायची. मध्येच थांबून एखादा शेंगदाणा खवट निघाला तर थुंकायची आणि बरोबर सोडलेल्या जागेवरून पुढे सुरू करायची. आम्हा भावंडांना त्याचं काही विशेष वाटत नसे. इतर बायका लोणचं चांगलं घालतात, आपली आई नाती सांगते, एवढंच.

तिला मिसरीची सवय होती. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड. सकाळी उठली की ती बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. दाढ ठणकली की जरा जास्त. आमच्याकडे तिच्या वयाच्या बहुतेक बायकांचं दातांचं औषध तेच.

चार वर्षांपूर्वी गावात दातांचं मोफत शिबिर झालं. गावातल्याच एका मंडळाने भरवलेलं, डॉक्टर बाहेरून आलेले. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. आईचे वरचे उरलेले दात हलत होते, ते सगळे एकाच दुपारी काढले. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा गाडी आली आणि वरची कवळी बसवून गेली. फोटो काढले. कवळी घालून हसणाऱ्या आईचा फोटो भावाने मला पाठवला, मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली खूप जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

कवळी पहिल्या दिवसापासून टोचत होती. तिने तसं सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, होईल सवय. मी फोनवर काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "आई, नवी चप्पल पण चावतेच की." ती पलीकडून हो म्हणाली. त्यानंतर तिने मला कवळीबद्दल कधी काही सांगितलं नाही.

त्याच वर्षी चाळीसगावला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बोलता बोलता आईची कवळी निसटली आणि पत्रावळीवर पडली. शेजारच्या बायका हसल्या. त्यात दुष्टावा नव्हता, मीही ओठ दाबून हसले होते. आईने कवळी उचलली, पदराने पुसली आणि तशीच पिशवीत टाकली. घरी गेल्यावर ती एका डबीत गेली आणि डबी कपाटात. तिथून पुढे आई चारचौघांत बसली की पदर तोंडावर धरायची. जुन्या वळणाची बाई, पदर सावरते, असं आम्हाला वाटायचं. पदर का, हे विचारलं नाही.

हळूहळू तिचं जेवण बदललं. आधी भाकरी वरणात कुस्करून खायची, मग नुसतं वरण, मग दुधात बुडवलेलं बिस्कीट. शेंगदाण्यांचा डबा वहिनीने आवरून ठेवला. आईचे दंड बारीक झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ती ओट्यावर बसेनाशी झाली. लोक आले की आत जायची. बोलणं कमी झालं, आणि बोलली तरी ते अर्धवट तोंडातच राहायचं. मग विसरणं सुरू झालं. गॅस तसाच चालू ठेवला. माझ्या लेकीला माझ्या नावाने हाक मारली. एकदा भावाला विचारलं, की तुझे वडील अजून मळ्यातून कसे आले नाहीत.

आणि मग ती सोयरिकीची गोष्ट झाली. भाऊकीतले एक आबा नातवासाठी स्थळ बघत होते. मुलीच्या आईचं माहेर कुठलं ते त्यांना कळेना, म्हणून ते आईकडे आले. आईने गावाचं नाव सांगितलं. आबा आपल्या मुलाला घेऊन हातगावला गेले, चाळीसगावच्या बाजूला, उन्हातान्हात. तिथे त्या घराला ओळखणारं कुणी नव्हतं. दिवसभर फिरून परत आले आणि चावडीवर सांगितलं, की अक्काचं काही खरं राहिलं नाही. पन्नास वर्षं ज्या बाईच्या शब्दावर लग्नं जमली, तिच्याबद्दलचा निकाल एका संध्याकाळी लागला. भावाने मला फोन केला आणि म्हणाला, आईचं डोकं गेलं.

आम्ही तिला जळगावच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे आणलं. मेंदूचे डॉक्टर. ते वाईट वागले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, तीन वस्तूंची नावं सांगून ती थोड्या वेळाने परत म्हणायला लावली, शंभरातून सात वजा करायला सांगितले. आई पदर तोंडावर धरून बसलेली. उत्तरं देत होती, पण काय म्हणते ते कळत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे, म्हणजे नाही आलं. तिच्या बाजूने मी बोलायला हवं होतं आणि मीच तिला नापास करत होते. विसरण्याचा आजार आहे, वयाने होतो, वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या. झोप, रक्तदाब, पोट, लघवी, सगळं विचारलं. तोंडाचं नाही विचारलं. आणि मी सांगितलं नाही.

एकदा तसा शिक्का बसला की माणसाचं काय होतं, ते मी पुढच्या दीड वर्षात पाहिलं. तिच्यादेखत तिच्याबद्दल बोललं जायचं. ती काही म्हणाली तर घरचे एकमेकांकडे बघून हसायचे. जेवली नाही तर जेवल्याचं विसरली असेल. चिडली तर आजारच तसा आहे. हाताने गाल दाबून बसली तर तशी सवय लागली आहे. सगळ्याला एकच उत्तर सापडलं होतं, त्यामुळे कुणाला आणखी काही शोधायची गरज उरली नव्हती.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. पुढच्या खोलीत भावाकडे पाहुणे बसलेले. आई मागच्या खोलीत एकटी. खाटेखाली ताट होतं आणि ताटात चघळून टाकलेले भाकरीचे गोळे. उशी उचलली तर तिच्याखालीही तसेच दोन सुकलेले. आईच्या अंगावरचं लुगडं सैल झालं होतं, गळ्याची हाडं दिसत होती. मी तिच्यासाठी शेव आणि चिवडा नेला होता. दिवाळीचा फराळ, वरचे दात नसलेल्या बाईला. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी ती पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि ताट घेऊन वहिनीकडे गेले.

वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिला बोलू नये ते बोलले. जनावरापुढेही असं ताट कुणी टाकत नाही म्हणाले. आईला असं कोंडून ठेवता, तिची हाडं झाली, लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गावातही हेच बोललं जात होतं, की सून बघत नाही. ते मला पटलेलंच होतं.

वहिनी धुळ्याजवळच्या खेड्यातली. अठरा वर्षं आमच्या घरात राहूनही तिच्या बोलण्यातलं 'आहे'च्या जागी येणारं अहिराणी 'शे' गेलं नाही, आणि आमच्याकडच्या लोकांचं त्यावर हसणंही गेलं नाही. त्यामुळे ती कमीच बोलते. माझं बोलून होईपर्यंत तिने हातातली कढई घासून संपवली. मग हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली,

"बठ्ठा म्हनतस, डोकं गयं. तोंडमा काय शे, ते कोनी दखं का? तुम्ही दखा."

मला बघायला लावायला तिने हाताला धरून आईजवळ नेलं. आईच्या खाटेवर बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच पदर बाजूला केला. वास आला. मी जळगावहून आलेली, बसमध्ये सगळे वास घेतलेली, तरी मागे सरकले. कुजलेला वास होता. वहिनीने मोबाइलचा उजेड लावला आणि मी शाळेतल्या पोरांना म्हणते तसं आईला म्हणाले, आ कर.

वरच्या हिरडीत दोन ठिकाणी दातांची मुळं तशीच अडकलेली होती. एकाभोवती पिवळा पू. टाळूवर दुधाच्या सायीसारखा पांढरा थर. खालची एक दाढ तुटून तिला धार आली होती आणि त्या धारेवर जीभ घासून घासून तिथे जखम झाली होती. मी त्यात काहीच शिकलेली नाही, तरी मला दिसत होतं. कुणालाही दिसलं असतं.

वहिनीने मग सगळं सांगितलं. आई एका बाजूने चावते, चावताना डोळ्यांत पाणी येतं, गिळता येत नाही म्हणून घास लपवते, हे सहा महिन्यांपासून तिच्या लक्षात येत होतं. तिने भावाला तीनदा सांगितलं. भाऊ म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय ना, या आजारात जेवण सुटतं. तिने एकदा मलाही फोन केला होता. मला तो फोन आठवला. मी वर्गात होते, मागून करते म्हणाले, आणि केला नाही.

भावाशी त्या दिवशी माझं कडाक्याचं भांडण झालं. पाहुणे जायची वाटही मी बघितली नाही. मी म्हणाले, ज्या माणसाला केळीच्या पानावरचा एक ठिपका लांबून दिसतो, त्याला आईच्या तोंडातला पू दिसला नाही.  तो म्हणाला, "तू दोन दिवस येते आन् आमची परीक्षा घेते. जातानी गुण देऊन जाते." त्यावर मी आणखी मोठ्याने बोलले.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन जळगावला आले आणि दातांच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांची फाईल पाहिली, आईकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसवायच्या आधीच म्हणाले, की असे पेशंट सहकार्य करत नाहीत, आणि या वयात त्यांना कशाला त्रास देता, पातळ जेवण द्या. आई माझ्या शेजारी उभी होती. तिला ऐकू नीट येतं. मी त्यांना विचारलं, की तुमच्या दाढेत पू झाला तर तुम्ही पातळ जेवाल का. ते उठून आत गेले. मी रिक्षात बसून रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

शेवटी धुळ्याला गेलो. वहिनीची चुलतबहीण तिथे एका दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे, तिने वेळ ठरवून दिली. मी, वहिनी आणि आई, एसटीने. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा वहिनीने आईला चहा बशीत ओतून, फुंकून गार करून पाजला. माझ्या हातून कधी झालं नसतं असं तिचं ते सगळं सवयीचं होतं.

डॉक्टर तरुण होती, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या वयाची. तिने फाईल बाजूला ठेवली. आमच्याशी बोललीच नाही. खुर्ची खाली घेतली, आईच्या समोर बसली, तोंडावरचा मास्क खाली ओढून आपला चेहरा दाखवला आणि म्हणाली,

"अक्का, कुठे दुखतं ते मला बोटाने दाखवा."

आईने पदर सोडला. तर्जनी तोंडात घातली आणि वरच्या उजव्या बाजूला एका जागी टेकवली. "मले इथं दुखते," ती म्हणाली. मग बोट खाली आणलं, जिभेच्या कडेला. "आन् इथं."

आजचा वार जिला सांगता येत नव्हता तिला हे नेमकं सांगता येत होतं. दोन वर्षं सांगता येत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की शिबिरात दात काढताना मुळं आत तुटून राहिली, त्यावरच कवळी बसवली, म्हणून ती टोचत होती. तिथे पू धरला. पांढरा थर बुरशीचा. मिसरीने हिरड्या आधीच खराब झालेल्या. टप्प्याटप्प्याने सगळं काढता येईल, दोन-अडीच महिने लागतील. मग तिने विचारलं, की यांचं तोंड रोज कोण साफ करून देतं. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. बाईला विसरायला होतं हे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर म्हणाली, मग ती दात घासायलाही विसरत असेल असं कुणाच्या मनात आलं नाही का. तिने ते रागावून विचारलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी तिला विचारलं, की हे सगळं बरं झालं तर आईची आठवण परत येईल का. तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, तोंडाचा आणि मेंदूचा संबंध आहे असं अभ्यास करणारे सांगतात, पण आधी काय होतं आणि मागून काय, हे अजून नक्की कुणाला सांगता येत नाही. जो विसरतो त्याचं तोंड बिघडतं, आणि ज्याचं तोंड बिघडतं तो खात नाही, बोलत नाही, माणसांत बसत नाही, दुखण्याने झोपत नाही, आणि मग डोकंही चालेनासं होतं. यांच्यात किती कशामुळे आहे, मला माहीत नाही. तोंड मी बरं करीन. डोक्याचं वचन देत नाही.

त्या दोन महिन्यांत आम्ही धुळ्याला सहा वेळा गेलो. लागोपाठ जायचं असलं की वहिनीच्या माहेरी मुक्काम. मुळं काढली, दाढ काढली, औषधं लावली. पू गेल्यावर आठवड्याभरात आई सलग झोपायला लागली. तिसऱ्या खेपेला बसमध्ये तिने वहिनीकडे खायला मागितलं. वहिनीने वांग्याचं भरीत नेलं होतं, तिखट न घालता. आईने ते खाल्लं आणि मिरच्या महाग झाल्या का असं विचारलं. कित्येक महिन्यांत तिने मारलेला हा पहिला टोमणा होता.

होळीच्या सुमाराला नवी कवळी बसली. घासून, पुन्हा घासून, तिसऱ्यांदा नीट बसली. मी त्या रविवारी गावी होते. आबा, तेच भाऊकीतले, भावाकडे काही कामाने आले होते. आई ओट्यावर बसली होती, तिने त्यांना ओळखलं आणि नातवाचं जमलं का विचारलं. आबा म्हणाले, जमलं की, दुसरीकडे. आईने मग त्या पहिल्या मुलीच्या आईचं माहेर सांगितलं. गाव सातगाव. पाचोऱ्याकडचं. घर कोणतं, आडनाव काय, चुलते किती, सगळं.

"सातगाव," आबा म्हणाले. "तुम्ही तवा हातगाव म्हटलं व्हतं, अक्का."

"मी सातगावच म्हटलं," आई म्हणाली. "तुम्हीच हातगावले गेले."

वर दात नसतील तर 'स'चा 'ह' होतो. तेव्हा कवळी न घालणाऱ्या बाईने सांगितलेलं सातगाव आम्हा सगळ्यांना हातगाव ऐकू आलं होतं. आबा हसले, भाऊ हसला, आईही हसली, पदराशिवाय. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन फळीवरची भांडी उगाच इकडची तिकडे केली. तिचे असे किती बरोबर शब्द आम्ही चुकीच्या खात्यात टाकले असतील, हे आता कधीच कळणार नव्हतं.

आणि हेही सांगते, कारण लोकांना ही गोष्ट सांगितली की ते एवढ्यावरच टाळी वाजवतात. त्याच संध्याकाळी आईने मला विचारलं, तुझे वडील जेवले का. ती पूर्ण बरी झालेली नाही. काही दिवस ती ओट्यावर बसून तीन पिढ्या सांगते, काही दिवस तिला मी कोण ते कळत नाही. गोळ्या चालू आहेत. मेंदूच्या डॉक्टरांना जाऊन मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, फाईलवर एक ओळ लिहिली. दुसऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ते आता बघतात का, मला माहीत नाही. दोन वर्षं आधी बघितलं असतं तर तिचं किती वाचलं असतं, हेही कुणी सांगू शकत नाही. मी स्वतःला रोज विचारते.

उन्हाळ्यात मंडळाने पुन्हा तेच शिबिर ठेवलं. पटांगणाच्या दाराशी मोठं फ्लेक्स लावलेलं. त्यावर मागच्या खेपेचे फोटो होते आणि मधोमध माझी आई, ती टोचणारी कवळी घालून हसणारी. मी नेमकी गावी आले होते. जुनी कवळी डबीतून काढली आणि नोंदणीच्या टेबलाजवळ गेले. मंडळाचे अध्यक्ष तिथेच बसले होते, मला लहानपणापासून ओळखणारे. मी डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, की दात काढल्यावर मुळं राहिली का ते बघायला नंतर कोण आलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मला बाजूला बसून बोलू म्हणाले. मी उभीच राहिले. मग ते समजुतीच्या आवाजात म्हणाले,

"ताई, फुकट होतं ते."

मी म्हणाले, "आमच्या आईचं तोंड फुकट नव्हतं."

 मला वाटलं होतं कुणीतरी मला आवरायला येईल. रांगेतली एक म्हातारी आली. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून चिंधीत बांधलेली कवळी काढली आणि माझ्या डबीशेजारी ठेवली.  मग आणखी दोघी घरी जाऊन आपापल्या घेऊन आल्या. टेबलावर चार कवळ्या झाल्या. बाहेरून आलेल्या डॉक्टरांपैकी एकाने त्या एकेक उचलून पाहिल्या आणि त्या दिवशी नवे दात काढायच्या आधी या बायकांना बसवून तपासलं. महिन्याने पुन्हा येऊन बघायचं त्याने कबूल केलं. तो आला, एकदा. पुढे येईल का, सांगता येत नाही. फ्लेक्सवरून आईचा फोटो मात्र मी तिथेच, सगळ्यांसमोर कापून काढायला लावला. भावाला ते आवडलं नाही. पण कात्री त्यानेच आणून दिली.

आता आईचं तोंड रोज दोनदा साफ होतं. सकाळी भाऊ करतो. सुरुवातीला त्याला किळस यायची, आता तो बोटाला फडकं गुंडाळून हिरड्या पुसतो आणि आई त्याला शिव्या देते, सगळ्या स्पष्ट. संध्याकाळी वहिनी. मी महिन्यातून दोनदा जाते, तेव्हा मी.

वहिनीची मी माफी मागितली का, असं माझ्या लेकीने मला विचारलं. नीट मागितली नाही. तिला साडी दिली, जी तिने कपाटात ठेवून दिली. मागच्या महिन्यात आम्ही दोघी जेवायला बसलो होतो, आई आणि भाऊ जेवून झाल्यावर. मला तिचं जेवणं दिसलं. ती घास डाव्या बाजूलाच फिरवत होती, आणि गार पाणी पिताना डोळे मिटून घेत होती. किती दिवसांपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, काई नही, लवंग ठेवली की राहतं. मी पुन्हा विचारलं. दीड वर्ष झालं होतं. म्हणजे धुळ्याच्या त्या दवाखान्यात आम्ही सहा वेळा गेलो तेव्हा ती लवंग गालात धरून आईचा हात धरून बसली होती.

मला इतका राग आला की ताटावरून उठले. कुणावर काढू ते कळेना. भाऊ अंगणात होता, त्याला हाक मारून विचारलं, की वहिनीची दाढ दुखते हे तुला माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. मी उष्टा हात धुतला, मोबाइलचा उजेड लावला आणि वहिनीसमोर बसले.

ती लाजली आणि म्हणाली, "माले काय व्हयेल शे? ऱ्हाऊ द्या, ताई."

"आ करा, वहिनी," मी म्हणाले.